धुराडी आधीची, भिंती नंतरच्या

[दृश्य: पहाटेचं धुकं. लाल विटांचं घर समोरून. कॅमेरा हलत नाही.]

इंग्लंडच्या मधल्या भागात, स्टॅफर्डशर परगण्यात, वुल्व्हरहॅम्प्टन शहराची वस्ती उत्तरेकडे विरळ होत जाते आणि एम-५४ मोटरवेची घरघर कानावर यायला लागते. त्या बेचक्यात हे घर उभं आहे. मोझली ओल्ड हॉल. नावात हॉल आहे म्हणून महालाची अपेक्षा ठेवू नका. हे शेतीवाडीतलं घर आहे. खात्यापित्या माणसाचं म्हणा हवं तर, पण गोठा, धान्य आणि चिखलाचे बूट यांच्या सोबतीनं जगलेलं.

लाल विटांच्या भिंती. उतरत्या छपरांच्या टोकांना त्रिकोणी गॅबल. पुढे आलेली देवडी आणि तिच्यावर एक लहानशी खोली. एखाद्या इंग्रज गवंड्याला इथे उभं करून घराचं वय विचारलं, तर तो विटांकडे बघेल आणि म्हणेल, दीडशे वर्षं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं काम.

त्याचं काही चुकलेलं नाही. भिंती खरंच १८७०च्या सुमाराच्या आहेत.

[दृश्य: कॅमेरा हळूहळू वर. छपराच्या वर धुराडी.]

आता मान वर करा. ही उंच धुराडी बघा. तीही विटांचीच, पण या विटा त्या नव्हेत. ही १६००च्या आसपासची. म्हणजे खालच्या भिंतींपेक्षा वरची धुराडी पावणेतीनशे वर्षांनी जुनी. पायापेक्षा कळस आधीचा, असं हे प्रकरण आहे. ते समजून घ्यायचं तर घर वरून खाली वाचावं लागतं.

धुराड्यापासून सुरुवात करू.

आज धुराडं म्हटलं की आपल्याला गिरणी आठवते. पण साध्या इंग्रज घरात विटांचं धुराडं येणं ही आपल्याकडे वीज येण्याइतकी मोठी घटना होती. त्याआधी घराच्या मधोमध जमिनीवर आग पेटायची. धूर वर चढायचा, आढ्याला काजळी धरायची आणि मग छपरातून वाट मिळेल तसा बाहेर पडायचा. कौलांमधून झिरपणारा चुलीचा धूर ज्यांनी लहानपणी बघितलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. १५७७ साली एसेक्समधल्या एका पाद्र्यानं लिहून ठेवलंय की त्याच्या गावचे म्हातारे तीन बदलांचं नवल करायचे. अंथरुणं सुधारली, लाकडी ताटं जाऊन धातूची आली, आणि पहिलं नवल म्हणजे जिकडेतिकडे धुराडी झाली. त्यांच्या तरुणपणी अख्ख्या गावात दोन-तीन असली तर असायची.

धुराडं आलं आणि घराचा सगळा नकाशाच बदलला. धूर एका नळीत कोंडला गेल्यावर वरची जागा मोकळी झाली. तिथे तुळया टाकून फळ्या ठोकता आल्या, म्हणजे माडी करता आली. माडीवर निजायच्या खोल्या आल्या, त्या खोल्यांना आपापल्या शेकोट्या आल्या. धुराडं नसतं तर वरचा मजला नसता. आणि वरचा मजला नसता, तर या घराची जी गोष्ट जगाला माहीत आहे ती घडलीच नसती. ती येईल पुढे.

[दृश्य: हातात धरलेली जुनी, पातळ वीट. बोट तिच्या कडेवरून फिरतं.]

ही त्या काळातली एक वीट. जाडी जेमतेम सव्वादोन इंच. पुण्यातल्या पेशवेकालीन वाड्याची पडकी भिंत ज्यांनी जवळून बघितली असेल, त्यांना ही चपटी वीट ओळखीची वाटेल. कारणही तेच आहे. वीट पातळ असली की पोटापर्यंत सुकते आणि पोटापर्यंत भाजते. जाड वीट बाहेरून लाल दिसते आणि आत कच्ची राहते.

माती शरद ऋतूत खणायची. हिवाळाभर ती उघड्यावर टाकायची, म्हणजे तिच्यातलं पाणी गोठून ढेकळं आपोआप फुटतात. थंडीकडून फुकट मळणी. वसंतात ती तुडवायची, साच्याला वाळू लावून त्यात आपटायची, वरचं जास्तीचं खरवडायचं आणि वीट वाळत घालायची. चांगला साचेवाला मदतनिसांसह दिवसाला काही हजार विटा पाडायचा. ओल्या विटांवरून कधी कुत्रं चालत जायचं, कधी कुणाचा अंगठा उमटायचा. भाजल्यावर तो ठसा कायमचा. ही खोलगट खूण बघा. वीट उचलताना अंगठा जरा जोरात रुतला असावा. चारशे वर्षांपूर्वीच्या एका मजुराची एवढीच सही.

मग प्रश्न असा, की विटा इतक्या चांगल्या होत्या, तर सगळं घर विटांचं का नाही बांधलं?

परवडत नव्हतं, आणि गरजही नव्हती. वीट आगीजवळ हवी. बाकीच्या घराला ओक होता.

[दृश्य: आतलं लाकूडकाम. खांब, आडवी तुळई, तिरका आधार. सांध्यावर प्रकाश.]

हेन्री पिट नावाच्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्यापाऱ्यानं १६००च्या सुमारास हे घर उभारलं ते ओकच्या सांगाड्याचं. ओक ओला असतानाच कापायचा, कारण सुकलेला ओक म्हणजे लोखंड, त्यापुढे करवत हात टेकते. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कूस, आणि दोन्हींमधून आरपार ओकचीच खुंटी. लोखंडी खिळ्याचं काम नाही. लाकूड वर्षानुवर्षं सुकत जातं, आवळतं, पिळतं आणि सांधा आणखी घट्ट धरतं. अशी घरं थोडी वाकडी का दिसतात, याचं उत्तर यातच आहे. वाकडं होणं हा त्यांच्या ठरलेल्या वाढीचाच भाग.

सांगाड्याच्या चौकटी भरायला काय? कूड. हो, आपला कोकणातला कूड. आपण कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमाती लिंपतो, ते हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या किंवा ओकच्या चिरफळ्या विणून त्यावर माती, शेण आणि चिरलेलं काड लिंपत. वरून चुन्याचा हात. कुणी कुणाकडून शिकलेलं नाही. माती, गाय आणि काठी जिथे आहे तिथे माणसाला कूड सुचतो.

एक गैरसमज जाता जाता काढून टाकतो. इंग्लंडच्या कॅलेंडरांवर दिसणारी ती काळीपांढरी घरं, कोळशासारखं काळं लाकूड आणि मधे शुभ्र भिंत, ती बरीचशी नंतरची हौस आहे. रंग न दिलेला ओक उन्हापावसात राखाडी होतो, जुन्या चांदीसारखा. हे घर नवं होतं तेव्हा साधारण तसं दिसत असणार.

[दृश्य: जिना. वरच्या मजल्यावरची खोली. शेकोटी, पलंग.]

आता वर चला.

या घरातली माणसं कॅथलिक होती. पिटच्या लेकीकडून घर व्हिटग्रीव्ह घराण्यात आलं, तेही कॅथलिकच. त्या काळच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये हे साधं नव्हतं. १५८५च्या कायद्यानं परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक पाद्र्यानं देशात पाऊल ठेवणं हाच राजद्रोह ठरवला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही फाशीची भीती आली. म्हणून अशा घरांमध्ये पाद्री दडवायच्या जागा केल्या गेल्या. जिन्याखाली, दुहेरी भिंतीत, आणि बऱ्याचदा धुराड्याच्या आसपास. हुशारी बघा. लाकडी घरात भिंत चार-सहा इंचांची. बाहेरून मोजलं, आतून मोजलं, की फरक लगेच कळतो. पण धुराड्याचं बांधकाम एवढं जाडजूड, की तिथे पाच-सहा फुटांचा हिशोब लागला नाही तरी कुणाला खटकत नाही.

इथली जागा या निजायच्या खोलीला लागून आहे. कपाटाएवढी कोनाडी. आत पाऊल टाकलं तरी काही दिसत नाही. खालच्या फळ्या उचलल्या की मग तो खड्डा.

[दृश्य: फळी उचलली जाते. अंधार. विजेरीचा झोत आत.]

बघून घ्या. गुडघे छातीशी घेतल्याशिवाय माणूस यात मावत नाही.

३ सप्टेंबर १६५१. वुस्टरच्या लढाईत पार्लमेंटच्या बाजूच्या क्रॉमवेलनं राजपक्षाचं सैन्य मोडून काढलं. बापाचा, म्हणजे राजा पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद दोन वर्षांपूर्वीच झालेला, आणि एकवीस वर्षांचा मुलगा, दुसरा चार्ल्स, आता जीव घेऊन पळत होता. बॉस्कोबेलच्या ओकच्या झाडावर एक अख्खा दिवस काढून तो ७ तारखेच्या रात्री इकडे निघाला. बसायला मिळालं ते पिठाच्या गिरणीवरचं ओझ्याचं घोडं. इतकं मठ्ठ घोडं आपण आयुष्यात पाहिलं नाही, अशी त्याची कुरकुर. घोड्याचा मालक, हंफ्री पेंडरेल, गिरणीवाला, म्हणाला की बिचाऱ्याच्या पाठीवर तीन राज्यांचं ओझं आहे, ते आणखी किती वेगानं चालणार?

आग्र्याचा पेटारा आठवल्याशिवाय मराठी माणसाला ही गोष्ट ऐकताच येत नाही. तो प्रसंग अजून पंधरा वर्षं दूर होता. पण शिवाजीराजे आणि हा चार्ल्स एकाच वर्षी जन्मले, १६३०. तो आपला, हा त्यांचा. इथे थांबू, घराकडे येऊ.

[दृश्य: मागचं दार. जाड ओकच्या फळ्या, त्यात ठोकलेले लोखंडी खिळे.]

पुढचं दार नव्हे, हे मागचं. रात्री याच दारानं त्याला आत घेतलं. ओकच्या जाड फळ्या, मोठ्या खिळ्यांची माळ. आत थॉमस व्हिटग्रीव्ह, घराचा धनी, आणि फादर जॉन हडलस्टन हा पाद्री. चार्ल्सच्या पायात दुसऱ्याच कुणाचे आखूड जोडे होते, पाय सोलवटून रक्ताळलेले. बोटांमध्ये कागदाच्या घड्या खुपसलेल्या. पाय धुतले, कोरडे मोजे आणि स्वच्छ सदरा दिला, वाइन आणि बिस्किटं पुढे ठेवली. मग राजा वरच्या पलंगावर झोपला.

दिवसा तो देवडीवरच्या त्या छोट्या खोलीत बसायचा. सुरुवातीला दाखवली ती. तिच्या खिडकीतून रस्ता दिसतो. त्या रस्त्यानं त्याचेच पराभूत स्कॉटिश सैनिक उत्तरेकडे पाय ओढत निघाले होते, खायला मागत. आपलं मोडलेलं सैन्य राजा पडद्याआडून बघतोय. इतिहासाच्या पुस्तकात या प्रसंगाला दोन ओळी मिळतात. या खोलीत उभं राहिलं की कळतं, अंतर किती थोडं होतं ते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

हडलस्टनकडे शिकायला तीन मुलं होती. त्यांना अभ्यासातून सुट्टी आणि माळ्याच्या खिडक्यांशी पहाऱ्याचं काम.

९ तारखेला दुपारी शिपाई आलेच. चार्ल्स त्या खड्ड्यात गेला. सहा फुटांच्या वरचा गडी. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या जाहीरनाम्यात त्याचं वर्णन दोन यार्डांहून उंच असं आहे, आणि डोक्यावर एक हजार पौंडांचं बक्षीस. वर फळ्या बसवल्या. आणि व्हिटग्रीव्हनं काय करावं? दारं लावून घेतली नाहीत. घरातल्या खोल्यांची दारं सताड उघडी टाकायला सांगितली आणि स्वतः बाहेर जाऊन शिपायांना सामोरा गेला. त्यांचा आरोप, की तू वुस्टरला लढायला होतास. तो म्हणाला, मी आजारी, घर सोडलेलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी साक्ष दिली. शिपाई आत न शिरताच परतले. उघड्या दाराइतकं चांगलं कुलूप दुसरं नाही, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

[दृश्य: जुना नकाशा. इंग्लंडचा दक्षिण किनारा. मग मुंबईचं बेट.]

महिनाभरानंतर, १५ ऑक्टोबरला, चार्ल्स शोरहॅमहून होडीनं फ्रान्सला निसटला. १६६० साली राजा होऊन परतला. आणि १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रगांझाच्या कॅथरीनशी त्याच्या लग्नाचा तह झाला, त्यात हुंड्यात आलं मुंबई बेट. १६६८ मध्ये त्यानं ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. मघाशी आपण वाकून पाहिलेल्या त्या खड्ड्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला हा माणूस मुंबईचा मालक झाला होता. दादरला दाटीवाटीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

त्याच्याच राज्यात १६६२ साली आणखी एक गंमत झाली. शेकोटीवर कर बसला. दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग, आणि मोजणीसाठी कारकुनाला घरात शिरायची मुभा. ज्याचा जीव धुराड्याच्या आडोशानं वाचला, त्याच्याच नावानं लोक आता धुराड्याचे पैसे भरत होते. हा कर १६८९ मध्ये गेला. बाकी १६६६ला लंडन जळालं आणि नव्या घरांना वीट नाहीतर दगडच, असा कायदा झाला. वीट ही श्रीमंती राहिली नाही, शहाणपण झाली.

[दृश्य: पुन्हा बाहेर. भिंतीचा जवळून फोटो. विटांचे थर.]

मोझलीपर्यंत मात्र ती लाट यायला दोनशे वर्षं लागली. मधे वीट महाग करण्याचा उद्योग सरकारनंही केला. अमेरिकेतलं युद्ध हरल्यावर खजिना भरायला १७८४ साली विटांवर कर आला, हजार विटांमागे अडीच शिलिंग. कर नगावर, आकारावर नाही. मग काय, लोकांनी विटा मोठ्या केल्या. इथून फार लांब नसलेल्या मेशम गावी जोझेफ विल्क्स या गृहस्थानं जवळजवळ दुप्पट आकाराच्या विटा पाडायला घेतल्या. लोक त्यांना ‘गॉब’ म्हणत, म्हणजे गोळा, ढेकूळ. १८०३ मध्ये सरकार जागं झालं आणि दीडशे घनइंचांपेक्षा मोठ्या विटेला दुप्पट कर लावला. गॉब संपले. करचुकवेगिरीचा असा पुरावा भिंतीत चिणून ठेवलेला इंग्लंडच्या या भागात बघायला मिळतो, आणि मला तो कुठल्याही राजवाड्यापेक्षा जास्त आवडतो.

हा कर १८५० साली उठला, पुढच्या वर्षी खिडक्यांवरचा करही उठला. स्टॅफर्डशरमध्ये मातीही होती आणि पायाखाली कोळसाही. कालवे होते, रेल्वे आली. वीट स्वस्त झाली.

इकडे व्हिटग्रीव्ह मंडळी जवळच नव्या घरात राहायला गेली होती आणि या जुन्या घरात कुळं राहून शेती करत होती. कुळाचं घर म्हटल्यावर डागडुजीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पावणेतीनशे पावसाळे खाल्लेला ओक बाहेरून कुजायला लागला. मग १८७०च्या सुमारास मालकांनी सरळ निर्णय घेतला. सांगाडा दुरुस्त करत बसायचं नाही. बाहेरून विटांची भिंत घालून घर झाकून टाकायचं. जुन्या खिडक्याही गेल्या, त्यांच्या जागी नव्या चौकटी आल्या.

वारसाप्रेमी मंडळींना हे ऐकून कसंसंच होतं. मलाही आधी झालं होतं. चारशे वर्षांचं लाकूडकाम आणि त्यावर हा लाल अंगरखा? पण आत फिरून आल्यावर माझं मत बदललं. पाडून नवं बांधणं तेव्हा सहज शक्य होतं. त्याऐवजी झाकलं, म्हणून आतला ओक कोरडा राहिला. जिने राहिले, लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती राहिल्या, तो खड्डा राहिला. राजाला जसा फाटक्या कपड्यांचा वेष कामी आला, तसा घराला हा विटांचा.

अशी वेषांतरं इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत सगळीकडे आहेत. ओळखायची कशी? पुढची भिंत विटांची आणि आतल्या खोल्या मात्र बुटक्या, तुळया डोक्याला लागणाऱ्या. खिडकीशी भिंतीची जाडी मोजली तर अनपेक्षित. आणि सगळ्यांत सोपी खूण, धुराडं आणि भिंत यांचं एकमेकांशी न जुळणं.

[दृश्य: बाग. बुटक्या झुडपांचे गोल, रंगीत खडी.]

१९६२ साली घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं ते जवळपास रिकामं. सामान जमवावं लागलं. राजा ज्यावर झोपला तो पलंग परत मिळाला, तो वर आहे. ही भूमितीतल्या आकृतीसारखी बाग मात्र इथली नाही. १६४० साली यॉर्कशायरच्या वॉल्टर स्टोनहाउस या पाद्र्यानं आखलेल्या नमुन्यावरून ती १९६०च्या दशकात केली. देखणी आहे. काळाला धरून आहे. पण चार्ल्सनं ती पाहिलेली नाही.

[दृश्य: संध्याकाळ. कॅमेरा मागच्या दारातून बाहेर, झाडांकडे, मग मागे वळून घराकडे.]

त्यानं काय पाहिलं? ९ तारखेच्या रात्री तो या बाजूनं बाहेर पडला. राजपक्षाचा कर्नल लेन घोडे घेऊन आला होता, त्याच्या बेंटलीच्या घरी जायचं होतं. झाडांपर्यंत पोचल्यावर त्यानं मागे वळून बघितलं असेल, तर त्याला ही लाल भिंत दिसली नसणार. राखाडी लाकूड, मधे चुन्याचे चौकोन, कुठे एखादा दिवा. आज त्याला इथे आणून उभं केलं तर तो घर ओळखणार नाही. मग त्याची नजर वर जाईल, छपरापलीकडे, त्या धुराड्यांवर.

[धुराडी. धूर नाही. मोटरवेचा आवाज हळूहळू वाढतो. काळा पडदा.]